जोडल्या हातांचे घर

जपानच्या मुख्य बेटाच्या मध्यभागी उंच पर्वतांची दाटी आहे. त्या दाटीतून वाट काढीत शो नावाची नदी उत्तरेकडील समुद्राकडे वाहत जाते. तिच्या काठी, गिफू प्रांताच्या अगदी वायव्य कोपऱ्यात, शिराकावा हे खेडे वसले आहे. पश्चिमेला हाकुसान हा पवित्र मानलेला पर्वत 2702 मीटर उंचीवर उभा आहे. हिवाळ्यात समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे या पर्वतांना अडतात आणि आपले सारे ओझे येथेच टाकतात. हिम पडू लागले म्हणजे दिवसरात्र पडत राहते. दोन-दोन, तीन-तीन मीटर उंचीचे थर साचतात. मोटारीचे रस्ते होण्यापूर्वी या खोऱ्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध कित्येक आठवडे पार तुटून जाई. घरात जे साठविले असेल त्यावर दिवस काढावयाचे आणि डोक्यावरचे छप्पर धीर धरील अशी आशा करावयाची, एवढेच माणसाच्या हाती उरे.

ते छप्पर धीर धरीत असे. कसे, ते पाहण्यासारखे आहे.

शिराकावा खेड्यातील ओगिमाची या वस्तीत आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गोकायामा भागात जी जुनी शेतकऱ्यांची घरे आहेत, त्यांना जपानी भाषेत ‘गाश्शो’ पद्धतीची घरे म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. दोन्ही तळहात एकमेकांना टेकवून बोटे आकाशाकडे केली म्हणजे जो आकार होतो, तोच या घरांच्या छपराचा आकार. दोन्ही पाखी जमिनीशी सुमारे 60 अंशांचा कोन करून वर चढतात आणि आढ्याशी एकमेकांना मिळतात. भूमितीच्या वर्गात आपण जो समभुज त्रिकोण काढतो, तोच येथे गवत आणि लाकूड यांत उभा राहिलेला दिसतो. आपल्या कोकणात पावसासाठी छपराला उतार देतात. परंतु पाऊस वाहून जातो, हिम साचून बसते. उतार सौम्य असता तर एका रात्रीत पडलेल्या हिमाच्या भाराने तुळया मोडून पडल्या असत्या. या तीव्र उतारामुळे पुष्कळसे हिम आपल्याच भाराने घसरून खाली येते. तरीही जे चिकटून राहते ते खाली ओढण्यासाठी माणसांना छपरावर चढावेच लागते. घराने आपले काम केले म्हणून माणसाचे काम चुकत नाही.

ओगिमाचीतील बहुतेक घरे एकाच दिशेला तोंड करून उभी आहेत, हे डोंगरावरून पाहिले असता चटकन ध्यानात येते. घरांच्या त्रिकोणी बाजू उत्तरेस व दक्षिणेस, तर छपराची पाखी पूर्वेस व पश्चिमेस आहेत. याचे कारण नदीच्या खोऱ्यात आहे. खोरे दक्षिणोत्तर पसरलेले असल्याने वारेही त्याच रेषेत वाहतात. घराची अरुंद बाजू वाऱ्याकडे केली म्हणजे त्याचा मारा कमी लागतो. शिवाय सकाळी एका पाख्याला आणि दुपारनंतर दुसऱ्या पाख्याला ऊन मिळते. हिम दोन्हीकडे सारखे वितळते आणि भिजलेले गवत दोन्हीकडे सारखे वाळते. कोणा वास्तुशास्त्रज्ञाने कागदावर आखून दिलेली ही रचना नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी मोडलेली छपरे पाहिली आणि सडलेले गवत उपसले, त्यांनी ती ठरविली.

या वस्तीतील सर्वांत मोठे घर वादा घराण्याचे. हे घराणे गावाचे मुखत्यार होते, तपासणी नाक्याचे कामही त्यांच्याकडे होते, आणि ज्या एका विलक्षण व्यापाराची हकीकत पुढे येणार आहे त्या व्यापारातही ते होते. घराची लांबी सुमारे 22 मीटर आणि रुंदी सुमारे 13 मीटर आहे. 1995 साली जपान सरकारने या घराला ‘राष्ट्राची महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती’ म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. त्यांच्या मूळ घराबरोबर मातीच्या भिंतींचे कोठारही या संरक्षणाखाली आले, आणि अंगणातला शौचकूपही आला. शौचकूप कशाला जपावयाचा, असे कोणास वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या घरी खत हे धनच असते, आणि धन जेथे साठे ती जागा घराच्या इतिहासातून वगळता येत नाही.

अशा घराचे दोन भाग पडतात, आणि ते दोन वेगळ्या हातांनी बांधलेले असतात. खालचा भाग म्हणजे खांब, तुळया, भिंती आणि राहण्याच्या खोल्या. हे काम कसबी सुतारांचे. हिदा नावाचा जो जुना प्रदेश आहे, तेथील सुतार शेकडो वर्षांपासून सबंध जपानात नावाजलेले होते. त्यांनी रंधलेले खांब आणि कुसाखाचांचे सांधे आजही घट्ट आहेत. वरचा भाग म्हणजे छपराचा सांगाडा. याला मात्र सुतार लागत नसे. ते काम गावकरी स्वतः करीत.

या सांगाड्यातील मुख्य वासे जाड, लांब, सरळ खोडांचे असतात. दोन दोन वासे शेंड्याकडे एकमेकांना जोडून नमस्काराची एक एक जोडी होते, आणि अशा जोड्या ओळीने उभ्या केल्या म्हणजे छपराचा आकार तयार होतो. परंतु खरी युक्ती खालच्या टोकाशी आहे. प्रत्येक वाशाचे खालचे टोक शिसपेन्सिलीसारखे निमुळते तासलेले असते आणि खालच्या आडव्या तुळईत केलेल्या खळग्यात ते नुसते टेकविलेले असते. तेथे खिळा नाही, खुंटी नाही. वादळ आले किंवा भूकंपाने जमीन हलली म्हणजे वासा त्या खळग्यात किंचित डोलतो आणि पुन्हा जागेवर येतो. जो सांधा हलतच नाही तो अधिक बळकट, अशी आपली समजूत असते. पण या घरांनी हलू देऊनच मोडणे टाळले आहे.

सांगाड्यातील लाकडे एकमेकांना बांधतात तीही दोरांनी. त्यातले काही दोर गवताच्या काडाचे वळलेले असतात. जेथे अधिक बळ हवे तेथे मात्र डोंगरात उगवणाऱ्या एका झुडपाच्या कोवळ्या फांद्या वापरतात. त्या फांद्यांना तेथील लोक ‘नेसो’ म्हणतात. ओल्या असताना त्या पिळून, कुटून मऊ करावयाच्या आणि लाकडांभोवती गुंडाळून गाठ मारावयाची. वाळताना त्या आवळत जातात आणि अखेर लोखंडी कडे बसवावे तशा घट्ट होतात. बांधणारा निघून गेल्यावरही गाठ आपले काम करीत राहते. या साऱ्या सांगाड्यात लोखंडाचा एक खिळाही नसतो.

तुळयांची हकीकत याहून मनोरंजक आहे. डोंगरउतारावरच्या रोपट्यांवर दरवर्षी हिमाचा भार पडतो. त्या भाराने रोपटे खाली वाकते, आणि वसंतात पुन्हा आकाशाकडे वळते. अशी कित्येक वर्षे गेल्यावर वृक्षाच्या बुंध्याशी एक मोठा बाक कायमचा राहून जातो. दुसरीकडे असे वाकडे झाड जळणात गेले असते. येथे मात्र ते मुद्दाम निवडून आणतात. त्याचा सरळ भाग घराच्या आडवा टाकतात आणि बाकदार भाग खाली वळवून बाजूच्या भिंतीच्या ठेंगण्या खांबांवर टेकवितात. सुतार लाकूड तासण्यासाठी जो वाकस वापरतो, त्याच्या वाकड्या दांड्यावरून या तुळईला नाव पडले आहे. ज्या हिमाने झाडाला वाकविले, तेच हिम पुढे त्या बाकावर तोलले जाते.

घराच्या दाराशी आल्यावर प्रथम मातीच्या जमिनीचा भाग लागतो. आपल्याकडील पडवीप्रमाणे तेथे ओले जोडे, अवजारे, लाकडे असा पसारा ठेवता येतो. तेथून पायरीभर उंच चढले म्हणजे लाकडी तक्तपोशीची मोठी खोली येते, आणि तिच्या मध्यावर चौकोनी आगटी दिसते. जपानी भाषेत तिला ‘इरोरी’ म्हणतात. सारे घर या आगटीभोवती जगत असे. तिच्यावर कढई टांगलेली असे, तिच्याकडे पाय करून थंडी घालवावयाची, तिच्याभोवती घरातील वडीलधाऱ्यांनी आणि पाहुण्यांनी ठरलेल्या जागी बसावयाचे. आगटीच्या वर, छताला दोरांनी टांगलेली एक मोठी लाकडी फळीवजा चौकट असते. ठिणगी वर उडाली तर ती या चौकटीवर आपटून विझते, आणि ऊब एकाच जागी सरळ वर न जाता खोलीभर पसरते. आतल्या बाजूस, घरातील सर्वांत चांगल्या खोलीत, बुद्धाचे देवघर असते. या खोऱ्यातील लोक बौद्ध धर्माच्या जोदो शिन्शू पंथाचे आहेत, आणि गरिबाच्या घरातही देवघराला जागा कमी पडत नसे.

या घरांना धुराडे नाही. आगटीचा धूर खोलीत पसरतो, वर चढतो, माळ्याच्या फटींतून पार आढ्यापर्यंत जातो आणि गवतातून हळूहळू बाहेर पडतो. डोळ्यांना तो झोंबतो, भिंती काळ्या करतो, कपड्यांना वास आणतो. आधुनिक मनुष्याला हा मोठाच दोष वाटेल. परंतु या धुरावर घराचे आयुष्य अवलंबून आहे. धुराने गवत कोरडे राहते; त्यात किडे आणि बुरशी यांना थारा मिळत नाही. काजळीचे पुट चढून चढून दोरांच्या गाठी कठीण होतात. आपल्याकडील केंबळी घरांच्या वाशांवरही चुलीच्या धुराचे असेच काळेभोर, चकचकीत पुट चढत असे. आणि ज्या खोलीत चूल पेटत नसे तेथल्या वाशांना भुंगा आधी लागे, हे जुन्या माणसांना ठाऊक होते.

आता प्रश्न असा पडतो की, खाली एक मजला राहण्यासाठी पुरत असताना वर एवढे उंच छप्पर कशाला? केवळ हिम घसरावे म्हणून लहान घरालाही तीव्र उतार देता आला असता. उत्तर असे की, त्या छपरात माणसांपेक्षा किड्यांची वस्ती अधिक होती. डोंगराळ प्रदेश, शेतजमीन थोडी, भाताचे पीक अपुरे. तेव्हा या लोकांनी रेशमाचे किडे पाळण्याचा धंदा धरला. घराभोवती तुतीची झाडे लाविली आणि छपराच्या पोकळीत दोन, तीन, क्वचित चारही माळे घातले. माळ्यांची जमीन सलग फळ्यांची नसून विरळ पट्ट्यांची ठेवली, म्हणजे आगटीची ऊब सर्व माळ्यांपर्यंत पोचावी. त्रिकोणी भिंतींत कागद लावलेल्या खिडक्या ठेवल्या. त्यांतून उजेड येई आणि वारा खेळे. रेशमाचा किडा फार नाजूक असतो. थंडी त्याला चालत नाही, कोंदटपणाही चालत नाही. त्याला जसे हवे तसे घर बांधले गेले, आणि माणसे खाली राहिली.

या उंच घरांत माणसेही थोडी नव्हती. शिराकावाच्या काही वाड्यांत अशी रीत होती की, थोरल्या मुलानेच विवाह करून घर चालवावे. धाकटी भावंडे त्याच घरात राहून त्याच शेतात राबावीत. धाकट्यांच्या मुलांचे संगोपन आईच्या घरी होई. अशा घरांतून वीस-तीस आणि कधी त्याहूनही अधिक माणसे एका छपराखाली नांदत. जमीन इतकी थोडी होती की तिचे वाटे पाडले असते तर एकाही वाटेकऱ्याचे पोट भरले नसते. मोठ्या कुटुंबाचे चित्र दुरून गोड दिसते. पण ज्या धाकट्या भावाला आयुष्यभर स्वतःची चूल मांडता आली नाही, त्याला ते किती गोड वाटले असेल, याचा विचार त्या भव्य छपराकडे पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही.

वादा घराण्याच्या व्यापाराचा उल्लेख मागे आला. तो व्यापार सोऱ्याचा होता. बंदुकीच्या दारूत सोरा हा मुख्य घटक. आपल्याकडे बिहारातील जमिनीवर सोरा आपोआप फुलून येत असे आणि तेथून तो दूरदेशी जाई. जपानात तसा सोरा मिळत नसे. तेव्हा या खोऱ्यातील लोकांनी तो घरातच, आणि तोही जमिनीखाली, पिकविण्याची विद्या साधली. आगटीच्या आसपास तक्तपोशीखाली खड्डे खणावयाचे. त्यांत माती, रेशीमकिड्यांची विष्ठा आणि वाळलेल्या वनस्पती यांचे थरावर थर घालावयाचे. मधून मधून ते उकरून पुन्हा भरावयाचे. आगटीच्या उबेने आत कुजण्याची क्रिया हिवाळ्यातही थांबत नसे. चार-पाच वर्षांनी ती माती पाण्यात धुऊन, ते पाणी आटवून सोऱ्याचे स्फटिक काढीत. गोकायामातला सोरा कागा येथील सरदारांकडे जाई. खोरे दुर्गम, हिवाळ्यात वाटा बंद. त्यामुळे हे ज्ञान बाहेर फुटण्याची भीती नव्हती. 1868 नंतर जपानची दारे परदेशी व्यापाराला पूर्णपणे खुली झाली, चिली देशातला स्वस्त सोरा आला, आणि हा धंदा बसला.

अशा रीतीने एकाच आगटीवर चार कामे होत. तिने माणसांना ऊब दिली, किड्यांना ऊब दिली, जमिनीखालचा सोरा पिकविला आणि डोक्यावरचे गवत टिकविले.

गवत कितीही जपले तरी तीस-चाळीस वर्षांनी ते बदलावेच लागते. अर्ध्या मीटरहून अधिक जाडीचे, आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरलेले ते प्रचंड पाखे शाकारणे एका कुटुंबाच्या आवाक्यातले काम नव्हे. उघडे छप्पर फार वेळ ठेवून चालत नाही. मध्येच पाऊस आला तर सारे घर भिजते. म्हणून सबंध गाव एकत्र येऊन एक पाखे एका दिवसात, फार तर दोन दिवसांत, शाकारून टाकी. शे-दोनशे माणसे लागत. कोणी जुने गवत उतरवी, कोणी पेंढ्या वर पोचवी, कोणी आत बसून लाकडी सुईने दोर ओवून परत बाहेर देई, अनुभवी माणसे छपरावर राहून थर दाबीत. बायका एवढ्या माणसांचे जेवण रांधीत. या परस्पर साहाय्याच्या रीतीला ‘युइ’ म्हणतात. आपल्या खेड्यांत एकाच्या शेताची नांगरट करण्यासाठी साऱ्यांनी आपापले बैल घेऊन जावयाचे, मजुरी घ्यावयाची नाही, फक्त जेवावयाचे, ही ‘इर्जिक’ची चाल होती. युइ ही तिचीच बहीण. फरक एवढाच की तिकडे हिशेब लिहून ठेवीत. कोणाच्या छपराला कोणी किती गवत दिले, किती दोर दिला, किती दिवस माणूस पाठविला, याच्या वह्या घरोघरी जपलेल्या असत. बापाने घेतलेले दिवस मुलगा फेडी. शेजाऱ्याच्या उपकाराची वही करणे हे कोणास रूक्ष वाटेल. परंतु फेड तीस वर्षांनी करावयाची असता नुसत्या आठवणीवर कोण विसंबेल?

विसाव्या शतकात हे सारे ढासळू लागले. शिराकावात 1924 च्या सुमारास अशी 300 च्या आसपास घरे होती. 1961 पर्यंत ती 190 वर आली. रेशमाचा धंदा मंदावला, तरुण माणसे शहरांकडे गेली, शाकारणीला हात मिळेनात. कित्येकांनी गवत काढून पत्रे घातले. त्यातच शो नदीवर वीजनिर्मितीसाठी धरणे झाली. मिबोरोचे धरण 1961 मध्ये पुरे झाले आणि नदीकाठच्या काही वस्त्या पाण्याखाली गेल्या. तेथील यानोहारा घराण्याचे भव्य घर 1960 साली उकलून, दूर योकोहामा शहरातील सान्केइएन या बागेत नेऊन पुन्हा उभारण्यात आले. त्या घराचे लाकूड वाचले. परंतु शेजारी राहिला नाही, नदी राहिली नाही. आणखी काही घरे शहरांतील उपाहारगृहांसाठी विकत घेऊन नेण्यात आली.

ब्रुनो टाउट हा जर्मन वास्तुविशारद 1935 साली या खोऱ्यात आला होता. छपराच्या सांगाड्यातील तर्कशुद्धता पाहून तो थक्क झाला आणि आपल्या ग्रंथात त्याने या घरांची मोठी वाखाणणी केली. बाहेरच्या विद्वानांचे लक्ष इकडे वळले ते बरेचसे त्यामुळे. तथापि विद्वानांच्या स्तुतीने छप्पर शाकारले जात नाही.

कायद्याची वाटचालही एका आगीपासून सुरू झाली. 26 जानेवारी 1949 रोजी नारा येथील होर्यूजी या प्राचीन बौद्ध मंदिराच्या मुख्य दालनाला आग लागली आणि जगप्रसिद्ध भित्तिचित्रे होरपळून गेली. साऱ्या राष्ट्राला हळहळ वाटली आणि पुढल्याच वर्षी, 1950 मध्ये, सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा झाला. प्रारंभी या कायद्याने एकेक मंदिर, एकेक मूर्ती, एकेक घर निवडून जपले जाई. परंतु ओगिमाचीसारख्या ठिकाणी एखादे घर राखून बाकीची पडू दिली तर काय राहणार? जे घर शेजाऱ्यांच्या हातांनी शाकारले जाते, ते शेजारी नसताना कसे टिकावे?

हे सरकारच्या आधी गावकऱ्यांना उमगले. 1971 साली ओगिमाचीच्या रहिवाशांनी एक मंडळ स्थापून आपापसांत तीन नेम ठरविले. घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही, पाडावयाचे नाही. या तीन वाक्यांची किंमत ध्यानात यावी म्हणून हे स्मरावे की, त्या वेळी जुने छप्पर म्हणजे खर्चाचे घर होते, आणि शहरातील श्रीमंत गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन दाराशी उभे राही. विकावयाचे नाही असे ठरविणे म्हणजे मुलांच्या शिक्षणाला, आजाऱ्याच्या औषधाला येणारा पैसा हातचा सोडणे होते. तरी त्यांनी तो सोडला. 1975 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन एकेका घराबरोबर संबंध वस्तीलाही संरक्षण देण्याची सोय झाली, आणि 1976 मध्ये ओगिमाचीला ते मिळाले. तेव्हापासून घराचे बाह्य रूप परवानगीवाचून बदलता येत नाही. उलट दुरुस्तीच्या खर्चाचा मोठा भाग सरकार सोसते. 1995 साली ओगिमाची आणि गोकायामातील आइनोकुरा व सुगानुमा या तीन वस्त्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

त्यानंतर प्रवाशांची रीघ लागली. जेमतेम दीड हजार वस्तीच्या या खेड्यात वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे येऊ लागली. पुष्कळ शेतकरी आता पाहुण्यांची व्यवस्था पाहतात. काही घरांत संग्रहालये झाली. वादा घराण्याची माणसे मात्र आपल्या घरातच राहतात आणि घराचा काही भाग लोकांना पाहू देतात. खालच्या खोल्यांत देवघर आहे, माळ्यावर रेशीमकिड्यांच्या धंद्याची अवजारे मांडलेली आहेत. प्रवासी बाहेरून छपराचे छायाचित्र घेऊन समाधानाने निघून जातो. त्याने जर माळ्यावर चढून गाठी पाहिल्या नसतील, तर त्याने घर पाहिलेच नाही म्हणावे.

आज या घरांपुढे जी अडचण आहे ती मोठी चमत्कारिक आहे. वाळलेल्या गवताचे छप्पर म्हणजे सरपणाचा ढीगच. एक ठिणगी पडली आणि वारा असला तर सारी वस्ती भस्म व्हावयास वेळ लागणार नाही. म्हणून वस्तीत ठिकठिकाणी पाण्याच्या पन्नासांहून अधिक तोफा बसविल्या आहेत. डोंगरउतारावरील मोठ्या टाकीतले पाणी आपल्याच दाबाने त्यांत येते. दरवर्षी शरद ऋतूच्या अखेरीस त्यांची चाचणी घेतात, तेव्हा पाण्याच्या उंच कमानी सर्व छपरांवर एकाच वेळी उभ्या राहतात. नोव्हेंबर 2019 मध्ये वस्तीबाहेरच्या वाहनतळाजवळील गवती छपराच्या दोन झोपड्या जळाल्या, तेव्हा या तोफांचा उपयोग आजूबाजूच्या घरांना भिजविण्याकडे झाला. परंतु आगीला एवढे भ्यावयाचे, तर आगटी कशी पेटवावयाची? आणि आगटी पेटली नाही, तर गवत कसे टिकावे? कित्येक घरांत आता आगटीऐवजी वेगळ्या चुली आणि शेगड्या आहेत. तेथे गवतात ओल धरते, किडे शिरतात, आणि पूर्वी तीस-चाळीस वर्षे टिकणारे छप्पर वीस-पंचवीस वर्षांतच शाकारावे लागते. म्हणून काही घरांतून, थंडी असो वा नसो, रोज थोडा वेळ तरी मुद्दाम आगटी पेटवून धूर करतात.

त्या धुराबरोबर जागरणही आले. गावकरी पाळीपाळीने दिवसातून अनेकदा वस्तीत फेरी घालतात. फेरी घालणारा मनुष्य दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर वाजवीत प्रत्येक घरासमोरून जातो आणि आगीची खबरदारी घ्या, अशी हाक देतो. पाळी संपली की ती शेजारच्या घराकडे जाते. संध्याकाळी प्रवाशांच्या शेवटच्या गाड्या निघून जातात, खोऱ्यात अंधार उतरतो, वादांच्या घराच्या छपरातून धुराची निळसर रेघ वर सरकत असते; आणि नदीच्या आवाजात त्या ठोकळ्यांचा ठक ठक असा आवाज वस्तीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात राहतो.